गोंदियाचे पाणी, गोदावरीचे मुख

नवेगावच्या डोंगरांवर मृगाचा पहिला दमदार पाऊस पडतो, तेव्हा त्या पाण्याला समुद्र फार लांब असतो. पण वाट ठरलेली असते. काही पाणी बोडीत अडते, काही तलावात साठते, काही बांधीत धानाच्या पऱ्ह्यांच्या पायाशी थांबते. साऱ्या जिल्ह्यातले जे पाणी थांबत नाही ते गाढवीला, चुलबंदला, पांगोलीला, बाघ नदीला जाऊन मिळते आणि या साऱ्या नद्या आपापल्या वाटेने वैनगंगेच्या ओटीत येतात. वैनगंगा भंडारा, पवनी करीत गडचिरोलीकडे उतरते, चपराळ्यापाशी वर्धेला भेटते आणि प्राणहिता होते. पलीकडच्या काठावर कालेश्वराचे देऊळ आहे, अलीकडे सिरोंचा. तिथे प्राणहिता गोदावरीत शिरते. मग पापिकोंडालूच्या डोंगरांमधली घळ, राजमहेंद्रीचा विस्तीर्ण पाट, धवळेश्वरमचा बंधारा. बंधाऱ्याखाली नदीला फाटे फुटतात. त्यांतली गौतमी काकीनाड्याच्या दक्षिणेला कोरिंगाच्या खारफुटीजवळून जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. अर्जुनी मोरगावच्या एखाद्या शेतातून निसटलेला पाण्याचा थेंब तिथे पहिल्यांदा खारट होतो.

गोंदियाच्या शाळेत खाडी शिकवताना मला ही वाट आधी सांगावीशी वाटते. आपल्याकडे खाडी म्हटले की डोळ्यांपुढे कोकण उभे राहते. दाभोळ, जयगड, तेरेखोल, ठाणे. ते स्वाभाविकच आहे, मराठी मुलुखाचा समुद्र पश्चिमेला आहे. पण गोंदियापासून सरळ रेषेत मोजले तर मुंबईचा किनारा आठशे किलोमीटरच्या पुढे आहे, आणि गोदावरीचे मुख साडेपाचशेच्या आसपास. त्याहून मोठी गोष्ट अशी की कोकणच्या खाड्यांमध्ये या जिल्ह्याचा एक थेंबही जात नाही. इथल्या मुलांची खाडी पूर्वेला आहे, तेलुगू बोलणाऱ्या गावांच्या अंगणात. ती त्यांच्या गावच्या पाण्याने बनली आहे, त्यांच्या शेतातून वाहून गेलेल्या मातीने तिचा तळ भरला आहे. इतके नाते असलेली जागा परकी म्हणून शिकवावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आणि त्या खाडीचा अभ्यास सुरू करायला समुद्र पाहिलेला असावा लागत नाही. गावात तलाव असावा लागतो, आणि गोंदियात तो असतोच.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा-सात हजारांच्या घरात मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या माणसांनी जमिनीचा उतार नुसत्या डोळ्यांनी वाचून ते बांधले. पाणी कुठून येईल, कुठे अडेल, तुडुमातून, म्हणजे तलावाच्या मोरीतून, कोणत्या बांधीला आधी सुटेल आणि जास्तीचे कोणत्या बाजूने सांडून पुढच्या गावच्या तलावात जाईल, याचा हिशेब त्यांनी केला. एका तलावाचे सांडलेले पाणी दुसऱ्याच्या पोटात जाते, अशा माळाच्या माळा या मुलुखात आहेत. नवेगाव बांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. भोवतीच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात, आणि ज्याने पाणी अडवले त्या माणसाला लोकांनी कोलासूर म्हणून देवपण दिले. पाण्याचे काम करणाऱ्याला देव मानणारा हा प्रदेश आहे. पर्यावरणाचा धडा सुरू करायला यापेक्षा चांगले पहिले वाक्य मला सापडत नाही.

या तलावाकाठी मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून राहिले. पक्ष्यांची, झाडांची, माशांची किती तरी नावे त्यांनी इथल्याच माणसांकडून, माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्यांकडून आणि ढिवर मच्छीमारांकडून घेतली आणि पुस्तकांतून साऱ्या महाराष्ट्राला दिली. 2025 साली ते गेले. त्यांच्या कामातून शिक्षकांनी एक गोष्ट उचलावी असे वाटते: आधी पाण्याजवळ बसायचे, मग माणसाला विचारायचे, मग लिहायचे.

एकदा अशाच एका तलावाच्या पारीवर जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांबरोबर मी बसलो होतो. पावसाळा नुकताच सुरू झाला होता आणि पाणी चहाच्या रंगाचे होते. गुरुजींनी काचेच्या दोन मोठ्या बरण्या आणल्या होत्या. एका मुलीने शेजारच्या बांधीतून कन्हार मातीचे ढेकूळ आणले. कन्हार म्हणजे इथली काळी, चिकट, बारीक कणांची माती. ते ढेकूळ बादलीत विरघळवले, जड रेती आणि काड्या तळाशी बसू दिल्या, आणि वरचे गढूळ पाणी दोन्ही बरण्यांत सारखे ओतले. एका बरणीत काहीच घातले नाही. दुसरीत स्वयंपाकघरातल्या मिठाचे दोन-तीन चमचे घालून ढवळले. मग दोन्ही बरण्या पारीवरच्या सपाट दगडावर ठेवल्या.

थोडा वेळ काहीच दिसेना. मुले उठून पाण्यात खडे मारू लागली. मग एकाने हाक मारली. मिठाच्या बरणीत गढूळपणाचा धागा तुटू लागला होता. इतका वेळ एकजीव दिसणाऱ्या पाण्यात बारीक बारीक पुंजके तयार होत होते, एकमेकांना चिकटून मोठे होत होते आणि हलकेच खाली उतरत होते. हळूहळू त्या बरणीच्या वरच्या भागातून पलीकडचे झाड दिसू लागले, आणि तळाशी मऊ, काळसर गाळाचा थर बसला. दुसरी बरणी होती तशीच होती, चहाच्या रंगाची.

खाडीच्या तोंडाशी घडते ते हेच. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारखा भार असलेले कण एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून गोड्या पाण्यात ते शेकडो कोस तरंगत जाऊ शकतात. समुद्राच्या पाण्यातले क्षार त्या भाराला झाकून टाकतात, मग कण जवळ येतात, चिकटतात, जड होतात आणि बसतात. नदी डोंगरातून आणलेली माती नेमकी समुद्राच्या उंबरठ्यावर खाली ठेवते, त्यामागे प्रवाहाचा मंदावलेला वेग आहे आणि हे मीठही आहे. त्या चिखलावर खारफुटी उगवते, त्यात खेकडे बिळे करतात, पक्षी चोची खुपसतात, कोळंबीची पिल्ले वाढतात. सारा त्रिभुज प्रदेश असा कणाकणाने बसला आहे. त्या दिवशी दोन बरण्यांत मुलांनी जे पाहिले ते गोदावरी हजारो वर्षे करीत आली आहे, आणि त्यातली थोडी माती याच शिवारातली आहे, हे गुरुजींनी फार साध्या शब्दांत सांगितले. कोणी काही बोलले नाही. मग एका मुलाने विचारले, "मंग आपली सारी माती तिकडंच जाते का जी?"

हा प्रश्न मुलाच्या तोंडून आला की खाडी पाठ करायची गरज उरत नाही. उत्तर मात्र सोपे नाही, त्याकडे पुढे येतोच.

दुसरा धडा चिखलात श्वास कसा घ्यायचा याचा. पाण्याखालच्या चिखलात हवा जवळजवळ नसते. तिथे मुळे रोवून जगायचे तर वनस्पतीला वरून हवा खाली न्यावी लागते. खाडीतल्या तिवराने जमिनीतून वर येणारी मुळे काढली. ओहोटीला चिखलातून हजारो टोके वर आलेली दिसतात, त्यांतून झाड श्वास घेते. हे पाहायला गोंदियाच्या मुलाला कोरिंगाला किंवा ठाणे खाडीकाठच्या ऐरोलीला जावे लागेल. पण तोच प्रश्न इथल्या कमळानेही सोडवला आहे. कमळाचे पान देठासकट काढावे, देठ मधोमध आडवा कापावा, आणि मुलांना त्यातली पोकळ नळ्यांची नक्षी पाहू द्यावी. मग पान पाण्यात बुडवून देठाच्या टोकातून फुंकर मारायला सांगावे. पानाच्या मध्यातून बुडबुडे येतात. कमळ हवा पानांतून आत घेते, चिखलातल्या कंदापर्यंत पोचवते आणि पुन्हा पानांवाटेच बाहेर सोडते. पाण्याखाली बसून हे झाड एका अर्थी श्वासोच्छ्वास करीत असते. आणि घराशेजारचे धान? त्याच्या मुळांत आणि खोडातही हवा वाहून नेणाऱ्या पोकळ्या असतात, म्हणून तर ते बांधीतल्या साचल्या पाण्यात कुजत नाही. तिवर, कमळ आणि धान ही तीन निराळ्या कुळांतली, तिघांना एकच अडचण आली आणि तिघांनी आपापले उत्तर काढले. ज्या मुलाच्या आईने आयुष्यभर रोवणी केली आहे त्याला हे सांगताना शिक्षकाच्या आवाजात आदर असायला हवा, कारण ती बाई रोज त्या उत्तरावर पाय ठेवून उभी असते.

भरती-ओहोटीचे काय, असे विचारतील. चंद्र इथल्या तलावाला हलवत नाही. पण तलावालाही एक भरती आहे, ती वर्षातून एकदा येते. श्रावण-भाद्रपदात पाणी सांडव्याला टेकते, आणि वैशाखापर्यंत मागे सरत सरत मधल्या खोलगट भागात उरते. त्या मागे सरणाऱ्या काठावर दर पंधरवड्याला निराळे जग असते. खोल पाण्यात हायड्रिला आणि व्हॅलिसनेरियासारख्या बुडालेल्या वनस्पती, त्याच्या अलीकडे तरंगत्या पानांची कमळे आणि पोयना, त्याच्याही अलीकडे उथळ पाण्यात उभे राहणारे देवधान आणि लव्हाळे, मग ओला चिखल, मग भेगा पडलेली कोरडी माती. देवधान हा धानाचा रानटी भाऊबंद. तो कोणी पेरत नाही, आणि उपासाला खाण्याजोगे न पेरलेले धान्य म्हणून त्याला मान आहे. खाडीतही समुद्रापासून जमिनीकडे येताना वनस्पतींचे असेच पट्टे लागतात, कुणाला किती वेळ पाण्यात राहणे सोसते यावर ते ठरतात. तलावाच्या पारीपासून पाण्यापर्यंत दोरी ताणून, दर दोन पावलांवर काय उगवले आहे ते वहीत टिपणारे मूल पुढे खारफुटीत गेले तर तिथले पट्टे त्याला आपोआप दिसतील.

साधनांबद्दल बोलायचे तर मला फार थोड्या वस्तू लागतात असे वाटते. काचेच्या बरण्या, मीठ, दोरी, वही. आणि एक पांढरी ताटली. 1865 साली आंजेलो सेक्की नावाच्या इटलीतल्या खगोलशास्त्रज्ञ धर्मगुरूने भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीने खाली सोडून ती कुठे दिसेनाशी होते ते मोजले. पाण्याची पारदर्शकता मोजायला आजही जगभरच्या तलावांत आणि खाड्यांत तेच करतात. गाठी मारलेली दोरी, तळाशी दगड बांधलेली पांढरी ताटली, आणि डोंग्यातून ती सोडणारा ढिवर. आषाढात आणि मार्गशीर्षात केलेल्या दोन मापांमधला फरक मुलांनी स्वतः काढला की गढूळपणा, उजेड आणि पाण्याखालची हिरवाई यांचे नाते फळ्यावर लिहावे लागत नाही.

राज्यात खाडी शिकवण्याची चांगली केंद्रे उभी राहिली आहेत. महाराष्ट्राने कांदळवनांसाठी 2012 मध्ये स्वतंत्र कक्ष काढला, ऐरोलीला सागरी जैवविविधतेचे केंद्र झाले, 2020 मध्ये पांढरी चिप्पी राज्याचा कांदळवन वृक्ष ठरली, 2022 मध्ये ठाणे खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. वेंगुर्ल्याला बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात, आणि त्यांच्या तोंडून खाडी ऐकण्यात जी जिवंतपणाची ऊब आहे ती कुठल्याही फलकात नाही. गोंदियाच्या मुलांनी तिथे जरूर जावे. पण सहल परवडणारी शाळा विरळा, आणि बसमधून एकदा पाहिलेली खाडी मनात फार टिकत नाही. रोज शाळेत जाताना दिसणारे पाणी टिकते.

इथेही वेंगुर्ल्यासारखी माणसे आहेत. ढिवर हा या तलावांचा जुना अभ्यासक आहे. पहिल्या पावसात मासे प्रवाहाच्या उलट कुठल्या वाटेने बांध्यांत चढतील, मरळ आपली पिल्ले कशी राखते, शिंगी आणि मांगूर चिखलात कसे तग धरतात, कोणत्या वनस्पतीखाली कोणता मासा अंडी देतो, हे त्याला ठाऊक असते. हे ज्ञान मधल्या काळात कुणी विचारले नाही. मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जुनी जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले, गाळ साचला, बेशरम हे तण माजले, आणि बाहेरून आणलेल्या बिजाईच्या माशांवर सारा भर आला. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकरांनी अर्जुनी मोरगाव भागातल्या ढिवरांच्या संस्थांबरोबर बसून हे ज्ञान पुन्हा कामाला लावले. बेशरम उपटली गेली, तळाची नांगरणी झाली, पाण्यात वाढणाऱ्या देशी वनस्पतींची लावणी झाली, आणि त्या लावणीत बायका पुढे होत्या. हिरवाई परतली तसे देशी मासे परतले, पाखरे परतली. अधिवास सुधारला की जीव आपोआप येतात, हा पर्यावरणशास्त्राचा मोठा नियम या माणसांनी गुडघाभर पाण्यात उभे राहून सिद्ध केला आहे. शाळेच्या वर्गात त्यांच्यासाठी एक खुर्ची असावी, आणि मुलांनी त्यांना गुरुजी म्हणावे.

सारसाचाही उल्लेख करायला हवा. महाराष्ट्रात सारस टिकून आहे तो मुख्यतः याच जिल्ह्यात आणि लगतच्या पट्ट्यात. माणसाच्या उंचीचा हा पक्षी धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठी गवताचे मोठे घरटे रचतो, बहुतेक दोनच अंडी घालतो, आणि शेतकऱ्याने सांभाळले तरच ती उबतात. दर जूनमध्ये गोंदियाची सेवा ही संस्था, गावकरी आणि वनविभाग पहाटेपासून त्यांची गणती करतात. पाणथळ जागा कुणासाठी राखायची, असे एखाद्या मुलाने विचारले तर त्याला त्या पहाटे बांधावर न्यावे.

पण खाडीशी खरे नाते सांगणारा जीव माझ्या मते दुसरा आहे. तो झिंगा.

तलावात जाळे ओढले की बोटाच्या पेराएवढे, काचेसारखे आरपार दिसणारे लहान झिंगे मिळतात. त्यांचा जन्म, वाढ, मरण सारे गोड्या पाण्यात होते. वैनगंगेतला मोठा झिंगा निराळा. शास्त्रज्ञ त्याला मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनाय म्हणतात, आणि तो गोदावरीच्या साऱ्या खोऱ्याचा रहिवासी. मादी पोटाखालच्या पायांमध्ये हजारो अंडी धरून असते. पाणी चढले की ती आणि तिची पिल्ले प्रवाहाबरोबर खाली निघतात, कारण अंड्यांतून निघालेले इवले जीव गोड्या पाण्यात फार दिवस तगत नाहीत. त्यांना मचूळ पाणी लागते, खाडीचे. तिथे काही आठवडे कात टाकत टाकत ते झिंग्याच्या रूपाला येतात. मग तोंड फिरवतात, आणि काठाकाठाने, प्रवाह कमी असेल तिथून, थवेच्या थवे नदी चढू लागतात. नखाएवढा जीव, आणि पुढे शेकडो किलोमीटरची नदी. आपल्या आईने जिथून सोडले त्या पाण्याकडे तो उलटा चालत येतो. पंढरीची वारी करणाऱ्या मुलुखात या चालीचे मोल कुणाला वेगळे सांगावे लागू नये.

ही वाट आता बंद होत आली आहे. आर्थर कॉटनने 1847 ते 1852 या काळात धवळेश्वरमला बंधारा घातला. त्याने त्रिभुज प्रदेशातल्या लाखो माणसांची दुष्काळातून सुटका केली, तिथली माणसे आजही त्याचे नाव प्रेमाने घेतात. त्याच बंधाऱ्याखाली पिल्लांचे थवे भिंतीशी येऊन अडू लागले. नंतर वाटेत पोलावरम आले, मेडीगड्डा आले, गडचिरोलीत चिचडोह आले आणि पवनीजवळ, 1988 मध्ये पायाभरणी झालेले गोसीखुर्द आले. शेतीला पाणी हवेच, धानाच्या शेतकऱ्याला ते नको असे कोण म्हणेल? पण नदी चढणाऱ्या जीवासाठी अशा भिंतीत एक पायरीची वाट ठेवणे जगात अनेक ठिकाणी जमले आहे. वैनगंगेकाठचे ढिवर अजून मोठ्या झिंग्याची आठवण काढतात. ज्या मुलाने तो कधी पाहिला नाही त्याला ती आठवण सांगणे हाही अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

आता त्या मुलाचा प्रश्न. आपली सारी माती तिकडंच जाते का? एके काळी खूप जात असे. गेल्या पन्नासेक वर्षांत खोऱ्यात धरणे वाढली तशी समुद्रापर्यंत पोचणारी गोदावरीची माती निम्म्याहून कमी झाली, असे अभ्यासकांनी दाखवले आहे. ती धरणांच्या पोटात बसली. परिणामी मुखापाशी काही ठिकाणी समुद्र किनारा खातो आहे आणि खारफुटीची जमीन पाण्यात जाते आहे. इकडे आपण तलावातला साचलेला गाळ काढून शेतात टाकतो. तेही चांगलेच आहे, ती माती ज्या शिवारातून आली तिथे परत जाते. 2017 पासून राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजनाच आहे. म्हणजे एकच चिखल इथे जास्त झाल्याने अडचण आहे आणि तिथे कमी पडल्याने. हा पेच मोठ्या माणसांनाही सुटलेला नाही. मुलांपुढे तो जसा आहे तसा ठेवावा, सोपा करू नये. मातीला धर्म असतो असे माझी आजी म्हणायची, आणि मला आता वाटते की मातीचा धर्म वाहणे आणि बसणे असा दोन्ही आहे.

वर्गाच्या भिंतीवर एक लांब नकाशा हवा. वरच्या कोपऱ्यात आपल्या गावचा तलाव, तिथून निळी रेघ, वाटेतली प्रत्येक नदी, प्रत्येक धरण, आणि खालच्या टोकाला कोरिंगा. 1978 मध्ये तिथे अभयारण्य झाले. त्या खारफुटीत मत्स्यमांजर राहते, आणि मच्छीमारांच्या गावांतल्या शाळा त्याच चिखलाच्या काठी भरतात. हिवाळ्यात तलवार बदके इथेही उतरतात आणि तिथेही. चिखलाच्या काठाने शेपटी हलवत फिरणारा तुतवार दोन्हीकडे तोच. दोन्ही ठिकाणच्या मुलांनी एकाच आठवड्यात तो पाहिला आणि एकमेकांना कळवले, तर नदीची दोन्ही टोके शाळेच्या वहीत भेटतील.

कळवायचे तर भाषा आड येईल, असे वाटेल. पण वाटेत सिरोंचा आहे. तिथल्या घराघरांत मराठी आणि तेलुगू दोन्ही बोलल्या जातात, शिक्षकही दोन्ही बोलतात. गोंदियाचे पत्र सिरोंच्यात तेलुगू होऊ शकते आणि कोरिंगाकडचे पत्र सिरोंच्यात मराठी. पहिल्या पत्रात काय विचारायचे हे मुलांवर सोडावे. मला विचाराल तर मी हे लिहीन: आमच्याकडे रोहिणीत पाणी तळाला गेले आहे, ताटली तळापर्यंत दिसते. मृग लागला की पुन्हा मोजून कळवतो. तुमच्याकडे झिंग्याची पिल्ले कोणत्या महिन्यात येतात, बंधाऱ्याखाली किती दिवस थांबतात, आणि तुमच्या आजोबांच्या वेळी ती कुठवर चढत होती?